मास्तर चहाला गेलेत

१२ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं मी ओरडून सांगायला लागले की शेजारच्या खोलीतल्या बाई भिंत ठोकतात. म्हणून पत्र. आईला सांगितलं तर म्हणाली, "फोन असताना पत्र कशाला? काय लपवायचंय एवढं मामा-भाचीला?"

नोकरीला दोन महिने झाले. आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते आणि झाकणाच्या आतले आटे कॉम्प्युटरवर आखायचं काम माझ्याकडे आहे. आपल्या घरातली पहिली पदवी, आणि ती झाकणात गेली, असं बाबा म्हणतात. पण येणाऱ्याजाणाऱ्याला आमच्या कंपनीचीच बाटली दाखवतात. आटा म्हणजे काय हे मला कॉलेजात नाही, तुझ्या लेथपाशी उभं राहून कळलं, हे त्यांना कोण सांगणार?

इथे छान ग्रुप जमलाय. दुपारी सगळे एकत्र जेवतो. परवा मी त्यांना तुमच्या मंडळाबद्दल सांगितलं. छोट्या रेल्वेचे वेडे आठ जण, प्रत्येकाची चार फुटांची फळी, तिच्यावर ज्याने त्याने आपल्याला हवं ते गाव वसवायचं, आणि दर जानेवारीत प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सगळ्या फळ्या बोल्टने जोडून बत्तीस फुटांचा मार्ग करायचा. या टोकाला तुझं स्टेशन, त्या टोकाला मास्तरांचं. एकाने गाडी सोडायची, दुसऱ्याने घ्यायची. शाळेत असताना प्रदर्शनाला मी तुझ्याकडे यायचे तेव्हा त्या बत्तीस फुटांशेजारून दिवसभर चालत असायचे.

एक जण म्हणाला, "हे सगळं आता फोनवर खेळता येतं की." मला राग आला, पण नंतर मी शोधून वाचलं. ठिकठिकाणी असली प्रदर्शनं बंद पडतायत. हॉल मिळत नाहीत, मंडळी म्हातारी झालीत, नवीन कोणी येत नाही. मामा, हे असं होऊ द्यायचं नाही. गाड्या मोबाइलवरून चालवता येतील, घरं थ्रीडी प्रिंटरवर काढता येतील, मग तरुण मुलंमुली येतील. तू फक्त हो म्हण.

यंदा किती फळ्या लागणार? मास्तर कसे आहेत? चष्मेवाले? बेकरीवाले?

तुझी भाची


२५ ऑगस्ट

चि. इंजिनीअरबाई,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंगीला शाई पाजून कागदावर सोडल्यासारखं. तीनदा वाचलं. दोनदा लागलं नाही म्हणून.

यंदाही आठ फळ्या लागणार. आठाला आठ. मास्तर आपले मास्तरच, त्यांच्यात आता काही बदल व्हायचा राहिलेला नाही. चष्मेवाले मुलीकडे असतात बरेचदा.

बेकरीवाले गेले, तुला कळवायचं राहिलं. त्यांची फळी त्यांच्या बायकोने घरी नेली. आमचा तो नियमच आहे, माणूस गेला की त्याची फळी त्याच्या घरी जाते. मग मार्ग तुटू नये म्हणून त्या जागी आम्ही कोरी फळी लावतो. नुसतं लाकूड आणि वर रूळ. झाड नाही, घर नाही, रंगसुद्धा नाही. गाडी त्यावरून जाते आणि पुढच्या गावाला लागते. अशा एखाद-दोन आहेत.

मोबाइलवरून गाडी चालवायची तर माझे हात काय करतील? तेव्हा ते राहू दे.

प्रदर्शनाच्या समितीवर नवीन सचिव बाई आल्यात. तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. अर्धा हॉल पडद्यावरच्या रेल्वेला दिलाय. खुर्चीत बसायचं, समोर पडदा, हातात दांडा, की झालात तुम्ही ड्रायव्हर. रांग लागते म्हणे. त्यांनी नियम केलाय, मंडळाच्या टेबलाशी मंडळाची निदान तीन माणसं हजर पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी जागा नाही. बाई वाईट नाहीत. माझ्या उजव्या कानाशी येऊन बोलतात, डाव्याने ऐकू येत नाही हे एकदाच सांगितलं होतं.

तू जेवणाची वेळ चुकवू नकोस. ग्रुप जमला हे बरं झालं.

तुझा मामा


१० सप्टेंबर

प्रिय मामा,

पत्राबरोबर पार्सल येईल, ते उभं उघडू नकोस, आडवं ठेवून उघड. आत छत्तीस घरं आहेत. साहेबांच्या परवानगीने, कंपनीच्या प्रिंटरवर, वाया जाणाऱ्या प्लॅस्टिकमधून काढलीत. एकाला सत्त्याऐंशी हे प्रमाण बरोबर धरलंय. खिडक्यांच्या चौकटी अर्ध्या मिलिमीटरच्या आहेत. एक शाळा आहे, एक दवाखाना आहे, पाण्याची टाकी आहे. आणि एक बेकरी आहे, तिच्या धुराड्याला भोकसुद्धा आहे.

कोऱ्या फळ्यांचं वाचून मला फार वाईट वाटलं. लोक मार्ग बघत बघत येणार आणि मध्येच लाकूड? त्यांना वाटेल अर्धवट सोडलंय. बेकरीवाल्यांच्या जागी त्यांची बेकरी असली तर त्यांची आठवणही राहील. दोन फळ्यांना पुरून उरतील एवढी घरं आहेत.

आणखी एक. मी इंटरनेटवर तुमच्या मंडळाचं पान काढलंय. दोनशे बारा लोक झाले. परदेशातला एक गृहस्थ तर रोज काहीतरी विचारतो. बघ, लोकांना हवंय हे सगळं. त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, एवढंच.

तुझी भाची


२ ऑक्टोबर

चि. इंजिनीअरबाई,

घरं आली. आडवंच उघडलं. एकही मोडलं नाही.

मी पन्नास वर्षं लोखंडावर काम केलं, पण अशी चौकट कानशीने माझ्याच्याने होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. भिंग लावून बघितली. मालाच्या शेडमागे माझ्या फळीवर जागा होती, तिथे दवाखाना बसवलाय. शोभतो.

बाकीची लावता येणार नाहीत. रागावू नकोस. कोरी फळी अर्धवट नसते. ती पूर्ण झालेलीच असते. तिथे एक माणूस बसायचा, त्याला काय वसवायचं ते त्यालाच माहीत होतं. बेकरीवाल्यांनी बेकरी कधी केलीच नव्हती. सगळ्यांना वाटायचं करतील. "दिवसभर तेच तोंड बघतो, इथे कशाला?" असं म्हणून त्यांनी नुसतं तळं केलं होतं. चार फूट तळं आणि काठावर एक गळ टाकून बसलेला माणूस. तुला आठवत नसेल, तू गाडीमागे पळत असायचीस.

तेव्हा बेकरी लावली तर ते त्यांच्यावर लादल्यासारखं होईल. पेटी नीट बांधून ठेवलीय, तू आलीस की परत ने.

हात थोडे थरथरतात हल्ली. म्हणून अक्षर तुझ्यासारखं झालंय.

तुझा मामा


२० नोव्हेंबर

प्रिय मामा,

उत्तर द्यायला उशीर झाला. खरं सांगायचं तर थोडी रुसले होते. प्रत्येक घर काढायला चार तास लागले होते.

तू सांगतोस ते मला पटतं आणि नाहीही पटत. माणसाची जागा राखायची हे बरोबर. पण अशी एकेक फळी कोरी होत गेली तर शेवटी काय उरेल? जागा राखायला तरी कोणी पाहिजे ना? तुम्ही सगळे इतके भिडस्त आहात की कोणाला येऊन बसा असं म्हणतच नाही. लोकांना आत यायची वाट दिसत नाही आणि मग आपणच म्हणायचं, कोणी येत नाही.

म्हणून मी एक काम केलंय. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास, त्यामुळे विचारलं नाही. तुमच्या सचिव बाईंना दोन पानी पत्र लिहिलं. आठ जणांचं मंडळ इतकी वर्षं कसं टिकून आहे, लेथवाला, ड्रॉईंगचे मास्तर, चष्मेवाले, सगळे कसे एका मार्गाला जोडले गेले, सगळं लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी कॅमेरा घेऊन टेबलाशी येणार आहेत, एकेका सभासदाशी बोलणार आहेत आणि तो व्हिडिओ सगळीकडे दाखवणार आहेत. म्हणाल्या, "अशी मंडळं टिकली तरच प्रदर्शनाला अर्थ आहे." मास्तरांना सांग, टोपी घालून या. कॅमेऱ्यात टक्कल चमकतं.

मला मात्र यायला जमणार नाही. जानेवारीत नवीन झाकण बाजारात जातंय. ग्रुपमधले सगळेच अडकलेत.

तुझी भाची


२८ नोव्हेंबर

चि. सौभाग्यकांक्षिणी,

तुझं पत्र मिळालं. बाईंना लिहायला नको होतं.

असो. थंडी वाढलीय, कानाला बांधत जा.

मामा


१७ जानेवारी

मामा,

तुझ्या त्या चार ओळींनंतर मी सात पत्रं लिहायला घेतली आणि टाकून दिली. एक तर तू मला कधी सौभाग्यकांक्षिणी म्हटलेलं नाहीस. तू कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवरचा मायना उतरवावास इतका परका झालास, तेव्हा मला कळलं की काहीतरी फार चुकलंय. काय चुकलंय ते कळेना.

म्हणून मी आले होते. पहिल्या दिवशी. एक दिवसाची रजा काढली, पहाटेची बस घेतली, साडेअकराला हॉलमध्ये पोचले. तुझ्या टेबलासमोरच पडद्यावरच्या रेल्वेचा स्टॉल होता, त्याच्या रांगेच्या आडून मी तुला बघितलं. दोन तास बघितलं.

तू राखाडी जाकीट घातलं होतंस. तुझ्या फळीवर स्टेशन होतं, शेड होती, दवाखाना होता. आणि पुढे सात फळ्या कोऱ्या होत्या. मास्तरांची सुद्धा.

तू गाडी सोडायचास. शिट्टी द्यायचास. मग टेबलामागून गाडीबरोबर चालत त्या टोकाला जायचास, ती थांबवायचास, वहीत मास्तरांच्या रकान्यात वेळ लिहायचास, आणि मास्तरांच्या स्टुलावर जरा बसायचास. मग उठून गाडी परत सोडायचास आणि तिच्याबरोबर चालत आपल्या स्टेशनला यायचास, ती घ्यायला. दोन तासांत अठरा खेपा. मी मोजल्या, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

कोणी विचारलं, "बाकीची मंडळी कुठायत?" की तू सांगायचास, "मास्तर चहाला गेलेत. येतीलच." सचिव बाई कॅमेरा घेऊन आल्या. त्यांनाही तेच. अर्ध्या तासाने परत आल्या. "मास्तर चहाला गेलेत." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोठा कप दिसतोय." तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी त्या स्टुलाकडे बघितलं, कॅमेरा पिशवीत घातला आणि गेल्या.

मी पुढे आले नाही. मी समोर येऊन उभी राहिले असते तर तुला मलाही सांगावं लागलं असतं, मास्तर चहाला गेलेत. ते माझ्याच्याने ऐकवलं नसतं. ती तीन माणसांची अट, तुझी जागा, आणि माझं दोन पानी पत्र. तू कॅमेरा टाळायला किती धडपडत असशील, आणि तो मीच पाठवला होता.

आता माझं खरं सांगते. इथे ग्रुप वगैरे काही नाही. डबा मी जिन्यात खाते, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, तिथे कोणी येत नाही. फोनवर खेळता येतं म्हणणारा माणूस कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता, त्याचं नाव मला माहीत नाही. पानावरचे दोनशे बारा खरे आहेत, पण प्रदर्शनाची तारीख टाकून कोण कोण येणार म्हणून विचारलं होतं, तर एकाने नुसती लाइकची खूण केली. तो परदेशातला.

मास्तर कधी गेले?

तुझी भाची


३० जानेवारी

चि. इंजिनीअरबाई,

तू लपून बघितलंस याचा राग आला. दोन दिवस राहिला. मग वाटलं, तू समोर आली असतीस तर मी तेच सांगितलं असतं, हे तुझं बरोबर आहे.

मास्तर मागच्या जूनमध्ये गेले. दुपारी झोपले होते. आदल्याच दिवशी आम्ही त्यांच्या सिग्नलची तार बदलली होती. मुलगा आला, फळी घेऊन गेला, गाडीत मावेना म्हणून टपावर बांधली. मी म्हटलं, हळू ने. चष्मेवाले गेले वर्षभर फळीसकट मुलीकडे आहेत, मला ओळखतील की नाही सांगता येत नाही. बाकीच्यांचं तुला एकेक करून कशाला सांगू? आठपैकी मी आहे.

तुला कळवलं नाही, कारण तू विचारायचीस, यंदा किती फळ्या. आठ, असं लिहिताना बरं वाटायचं. तुझ्या पत्रांत ते सगळे होते ना. चष्मेवाले कसे आहेत, बेकरीवाले कसे आहेत. असं विचारणारं दुसरं कोणी राहिलेलं नाही.

चहाला गेलेत हे मी ठरवून बोललो नव्हतो. पहिल्यांदा तोंडातून आलं ते सवयीने. मास्तर खरंच दर तासाला चहाला जायचे, आणि मी चिडायचो, गाडी कोण घेणार म्हणून. मग म्हणतच राहिलो.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर बाई आल्या. मास्तरांच्या स्टुलावर बसल्या, माझ्या उजव्या बाजूला. म्हणाल्या, "काका, मला खोटं लिहिता येणार नाही. एका माणसाचं मंडळ होत नाही. पुढच्या वर्षी मंडळाची जागा देता येणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणाल्या, "वैयक्तिक गटात या. एक टेबल देते, खिडकीजवळचं." मी नको म्हटलं.

एका फळीवर गाडी जाणार कुठे? चार फूट जायचं आणि चार फूट मागे यायचं. ती गाडी नाही, तो झोपाळा. गाडी म्हणजे आपण सोडायची आणि दुसऱ्या कोणीतरी घ्यायची. ते नसेल तर मला कपाटावर ठेवलेली चालते.

फळ्या सोडवून आणल्या. तुझ्या पत्राने नाही झालं हे. आज ना उद्या त्या मोजणारच होत्या. तेव्हा ते मनातून काढून टाक.

जिन्यात जेवू नकोस. वारा लागतो. आणि ताईला यातलं काही कळवू नकोस, ती उगाच बस पकडून तुझ्याकडे येईल आणि तुझ्या साहेबांना भेटेल.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

या वेळी मी अजून कोणालाही काही लिहिलेलं नाही. आधी तुला विचारते आहे.

प्रदर्शनाची नियमावली मी इंटरनेटवर वाचली. वैयक्तिक गटात एक व्यक्ती आणि एक साथीदार चालतो, आणि टेबल दहा फुटांचं असतं. म्हणजे दोन फळ्या सहज बसतात.

मी चार फुटांचं प्लायवूड आणलं. जिन्यातून वर नेताना शेजारच्या बाईंनी दुसरं टोक धरलं. भिंत ठोकणाऱ्या त्याच. "पलंग करताय का?" म्हणाल्या. मी म्हटलं, रेल्वे. त्या वरपर्यंत धरून आल्या.

छापलेली घरं मी यावर लावणार नाही. चार दिवस विचार केला, काय वसवायचं. मला गाव नीट माहीतच नाही, आणि या शहरातलं माझ्या खिडकीतून दिसतं तेवढंच ओळखीचं. मागची भिंत, पाण्याचे चार पाइप, लोखंडी जिना, आणि कुलूप लावून ठेवलेली एक सायकल, तिला न्यायला अजून कोणी आलेलं नाही. तेच करते आहे. स्टेशन अगदी लहान असेल. एक बाक.

मी तुला इतके महिने सांगत होते की छंद वाचवला पाहिजे. छंदाचं पुढे काय होईल ते मला आता खरंच माहीत नाही. कदाचित सगळं पडद्यावर जाईल आणि त्या रांगेतली माणसं आपल्याइतकीच खूश असतील. पण जानेवारीत तू गाडी सोडलीस तर त्या टोकाला मी असेन. एवढंच मी नक्की सांगू शकते. नको असेल तर नको म्हण. मी रुसणार नाही. थोडी रुसेन.

आणखी एक अडचण. रूळ टाकले, पण फळीच्या टोकाला बोल्टची भोकं कुठे पाडायची ते कळत नाही. तुझ्या फळीशी अर्धा मिलिमीटरही चुकलं तर गाडी पडेल. मापं लिहून पाठवशील का? मी कंपनीत अगदी अचूक आखून घेईन.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाई,

दोन दिवस मापं घेत होतो. तीनदा घेतली, तीनदा वेगळी आली. फळी जुनी आहे, एका बाजूला बाक आलाय, आणि हातही पहिल्यासारखे नाहीत.

तुझ्या कॉम्प्युटरवर ते जमणार नाही. ही भोकं मापाने पाडायची नसतात. दोन्ही फळ्यांची टोकं एकमेकींना टेकवायची, रूळ रुळाला लावून बघायचा, शिकंज्याने आवळायचं आणि दोन्हींतून एकदमच ड्रिल घालायचं. मग त्या दोन फळ्या एकमेकींनाच बसतात, तिसरीला बसत नाहीत. एकट्याने होत नाही ते. एकाने दाबून धरावं लागतं.

माझी फळी टेम्पोने आजच पाठवली. सोमवारी पोचेल, जिन्यातून वर न्यायला त्या बाईंना हाताशी घे. दवाखाना आणि शेड काढून पिशवीत घेतलीत, ती माझ्याबरोबर येतील. मी मंगळवारच्या बसने येतोय. ड्रिल मीच आणतो, तुझ्याकडचं नुसतं कॉम्प्युटरवर आखलेलं असणार. सचिव बाईंचा फॉर्म येताना भरून देईन, साथीदाराच्या रकान्यात तुझं पूर्ण नाव घालतो.

तीन दिवस राहीन. खोली लहान आहे हे ताईकडून कळलं. पलंग तूच घे. मी फळ्यांखाली झोपेन.

तुझा मामा